नकलेचं ऋण

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बनलेली एखादी नक्षीदार चहापेटी पहिल्या नजरेत हस्तिदंताची वाटते. काळ्याभोर जमिनीवर फिकट पिवळसर वेलबुट्टी, झाकणावर छत्री धरलेला चिनी माणूस, मागे मनोरा, एका बाजूला कललेलं झाड. डोळा जवळ नेला की कळतं, यात हस्तिदंताचा कणसुद्धा नाही. फिकट दिसतंय ते उघडं लाकूड आणि काळी दिसतेय ती शाई. करणाऱ्याने माणूस, झाड, मनोरा या आकारांना हात न लावता त्यांच्याभोवतीची जागा काळी केली आहे. उरलेलं लाकूड म्हणजेच चित्र. या कामाला पेनवर्क म्हणतात.

जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि त्यांच्यावरच्या पुस्तकांत या पेट्यांची ओळख करून देताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. हे हस्तिदंती कामाची नक्कल करणारं काम आहे आणि ते बरंचसं घरबसल्या हौशी स्त्रियांनी केलेलं आहे. दोन्ही विधानं खरी आहेत. पण ती ज्या सुरात केली जातात, त्या सुराशी माझं भांडण आहे. ‘नक्कल’ म्हटलं की वस्तू एक पायरी खाली उतरते आणि ‘हौशी’ म्हटलं की आणखी एक. मला उलट वाटतं. कलेतला हात नकलेतूनच तयार होतो आणि नकलेची लाज बाळगण्याचं काहीच कारण नाही. लाज वाटायला हवी ती ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव पुसण्याची. ही चहापेटी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवते, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवं.

आधी कामाची रीत. पेटीचा सांगाडा सुतार करायचा. त्यावर सिकॅमोर किंवा हॉलीसारख्या पांढुरक्या, रेषा फारशा न दिसणाऱ्या लाकडाचं पातळ व्हिनियर चढवलेलं असे. लाकूड घासून, घोटून गुळगुळीत करायचं आणि त्याची छिद्रं बुजतील असा सरसाचा किंवा गोंदाचा पातळ हात द्यायचा. इथे कसूर झाली की पुढचं सगळं वाया, कारण कच्च्या लाकडावर शाई फुटते आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना तंतू पसरतात. मग पेन्सिलीने नक्षी उतरवून घ्यायची, पिसाच्या बारीक लेखणीने तिची बाह्यरेषा पक्की करायची आणि कुंचल्याने जमीन भरायला घ्यायची. पानाच्या दातेरी कडेपर्यंत, बोटांच्या मधल्या फटींत, छत्रीच्या काड्यांच्या मधे काळी शाई नेऊन थांबवायची. शेवटी राखून ठेवलेल्या फिकट आकारांमध्ये लेखणीची टोकदार रेघ उतरते: पानाच्या शिरा, झग्याच्या चुण्या, पापणी, मिशी. सावली हवी असेल तर रेघांवर आडव्या रेघा. हात हलला तर खोडायची सोय नाही. चाकूच्या टोकाने खरवडावं तर तिथलं लाकूड उघडं पडतं आणि पुढची शाई तिथे फुटते. काम पुरं झालं की वर व्हार्निशचे एकावर एक हात. हे शेवटचं काम पुष्कळदा धंदेवाईक कारागिराकडे दिलं जाई. वर्षं सरतात तसं ते व्हार्निश पिवळं पडतं आणि लाकडाला जुन्या हस्तिदंताची झाक येते. म्हणजे नक्कल जितकी जुनी होते तितकी ती मूळ वस्तूच्या जवळ जाते.

ही मूळ वस्तू कुठली? याचा एक मोठा धागा आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, विशाखापट्टणमला जातो. अठराव्या शतकात तिथले कारागीर ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी पेट्या, मेजं, खुर्च्या, आरशांच्या चौकटी बनवत. शिसवीच्या किंवा एबनीच्या काळपट लाकडात हस्तिदंताचे तुकडे जडवत. पुढे चंदनाच्या पेटीवर सगळीकडून हस्तिदंताचे पातळ पत्रे चढवू लागले. त्या हस्तिदंतावर बारीक हत्याराने रेषा कोरायच्या, त्या खाचांत काळी लाख भरायची आणि वरून घोटून काढायचं. पांढऱ्या अंगावर काळी रेघ कायमची बसते. या वस्तू मायदेशी परतणाऱ्या साहेबांच्या सामानातून इंग्लंडला गेल्या, तिथल्या दिवाणखान्यांत दिसू लागल्या आणि त्यांची भुरळ पडली. हस्तिदंत प्रत्येकाला परवडणारं नव्हतं. पांढरं लाकूड, शाई आणि सवड मात्र मध्यमवर्गीय घरांत होती.

इथवर गोष्ट सरळ आहे: भारतीय कारागिराचं मूळ, इंग्लिश स्त्रीची नक्कल. पण विशाखापट्टणमच्या पेट्यांवर काय कोरलेलं असे, ते पाहिलं की ही सरळ रेषा वाकते. फुलावेलींच्या किनारींबरोबरच त्यांवर इंग्लिश वाडे आहेत, युरोपीय निसर्गदृश्यं आहेत. काही पेट्यांचा आकारच इंग्लिश घरासारखा, उतरत्या छपराचा आणि खिडक्यांचा. ही चित्रं कारागिरांपर्यंत पोचली ती इंग्लंडहून आलेल्या छापील चित्रांतून. ती छापील चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. म्हणजे लंडनच्या कोरक्याने तांब्यात खाच पाडून तीत शाई भरली आणि कागदावर उतरवली. विशाखापट्टणमच्या कारागिराने तो कागद समोर ठेवून हस्तिदंतात खाच पाडली आणि तीत लाख भरली. आणि लंडनच्या घरातल्या बाईने ती हस्तिदंती पेटी डोळ्यांपुढे ठेवून, खाच न पाडता, नुसत्या लेखणीने तीच रेघ लाकडावर ओढली. रेघ एक, हात तीन, माध्यमं तीन. यातला मूळ कोण आणि नक्कल करणारा कोण, हे ठरवायला बसणं व्यर्थ आहे. प्रत्येक हाताने काय नवं केलं, एवढंच विचारता येतं. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी सापडतं, कारण माध्यम बदललं की हाताला सगळं नव्याने शिकावं लागतं.

चीनच्या बाबतीतही तेच. पेनवर्कच्या पेट्यांवर चिनी माणसं, कमानी पूल, घंटा लटकलेले मनोरे यांची रेलचेल असते. ती रेखाटणाऱ्यांनी चीन पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढे पुस्तकं होती. विल्यम चेंबर्सने १७५७ मध्ये चिनी इमारतींचे नमुने छापले होते. ब्रिटिश राजदूत मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर चीनला जाऊन आलेल्या विल्यम अलेक्झांडरने १८०५ मध्ये चिनी वेशभूषेची चित्रं प्रसिद्ध केली. त्याही आधी, १६८८ मध्ये, जपानी लाखकामाची नक्कल घरी कशी करावी, याचं स्टॉकर आणि पार्कर यांचं पुस्तक इंग्लंडमध्ये निघालं होतं. पेनवर्क आलं ते नकलेची शंभर-सव्वाशे वर्षांची शाळा झालेल्या समाजात. रूडॉल्फ आकरमन हा जर्मनीतून आलेला प्रकाशक लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर दुकान थाटून चित्रकलेचं सामान विकत होता आणि १८०९ पासून सुमारे वीस वर्षं निघालेल्या त्याच्या मासिकातून नक्षीचे नमुने घरोघर पोचत होते. नमुना तयार, सामान तयार. यावरून कुणी म्हणेल की मग या बायकांनी केलं काय? नुसतं गिरवलं.

या आक्षेपाला दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर पेट्याच देतात. एकाच नमुन्यावरून केलेल्या दोन पेट्या शेजारी ठेवल्या तर त्या सारख्या दिसत नाहीत. एकीतली जमीन ठासून भरलेली, आकार कातरल्यासारखे. दुसरीत पानांच्या शिरा इतक्या नाजूक की काळ्या जमिनीचा दाब कमी वाटावा. कुणी किनारीत कंटाळून गेलेलं दिसतं, तर कुणी किनारीतच रमलेलं. नमुना सगळ्यांना एकच मिळतो, पण काळं कुठे थांबवायचं याचा निर्णय प्रत्येक वेळी स्वतःच घ्यावा लागतो.

दुसरं उत्तर ‘हौशी’ या शिक्क्याबद्दल. मध्यमवर्गीय इंग्लिश मुलीला त्या काळी काय काय यायला हवं, याची यादीच ठरलेली होती: गाणं, पियानो, चित्रकला, भरतकाम, रंगवलेली मेजं. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये याच यादीवरून दिवाणखान्यात वाद रंगतो. आपल्याकडचं रुखवत आठवावं. मुलीने महिनोन्‌महिने खपून केलेल्या वस्तू मांडवात मांडल्या जातात, पाहुणे वाकून पाहतात, वाखाणतात आणि कौतुक मुलीच्या वळणाचं होतं, कलेचं कुणी बोलत नाही. पेनवर्कचंही तसंच झालं. ज्या बाईला पैसे घेऊन काम करायची मुभा नव्हती, तिच्या कामाला पैसे मिळाले नाहीत म्हणून ते हौशी ठरलं. आणि ती विवाहित असेल तर तिने सजवलेली पेटीसुद्धा कायद्याने नवऱ्याच्या मालकीची होती. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. अशा पेट्यांवर सही अगदी क्वचित सापडते, याचं नवल वाटायला नको.

आता पेटीच्या आत पाहू. झाकण उघडलं की साधारणपणे दोन खण, आतून शिसे-कथलाच्या पत्र्याने मढवलेले, म्हणजे चहाचा वास टिकावा. एकात हिरवा चहा, दुसऱ्यात काळा. मोठ्या पेटीत मधोमध साखरेचं काचेचं भांडं आणि पुढच्या बाजूला कुलूप. किल्ली घरच्या बाईकडे. हे कुलूप नुसतं शोभेचं नव्हतं. १७८४ पर्यंत ब्रिटनमध्ये चहावर ११९ टक्के कर होता. चहा महाग, चोरटी आयात उदंड. त्या वर्षी पंतप्रधान पिटच्या सरकारने कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा मध्यमवर्गाच्या रोजच्या सवयीचा झाला. कुलूप मात्र पुढे कितीतरी वर्षं राहिलं, कारण आता ते प्रतिष्ठेचं चिन्ह झालं होतं.

तो चहा चीनचा. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला तो थेट १८३९ मध्ये. चीनशी चहाचा व्यापार करण्याचा मक्ता १८३३ च्या कायद्याने मोडेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि चिनी व्यापाऱ्यांना बदल्यात हवी होती चांदी. ही चांदी उभी करण्यासाठी बिहार-बनारसकडची अफू कंपनी कलकत्त्यात लिलावाने विकायची, खासगी व्यापारी ती चीनमध्ये नेऊन विकायचे आणि त्यांच्याकडे आलेली चांदी कॅंटनमध्ये कंपनीच्या खजिन्यात पोचून चहाची किंमत भागवायची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. मुंबईच्या ज्या धनिकांची संपत्ती या व्यापारात वाढली, त्यांतले सर जमशेटजी जीजीभॉय. त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. मराठी मुलखातल्या चित्रकारांच्या पिढ्या जिथे घडल्या, त्या शाळेच्या पायात अफूच्या पैशाचा चिरा आहे. आणि काचेच्या भांड्यातली साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमाने पिकलेली. १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारं विधेयक संसदेत पडलं, तेव्हा हजारो इंग्लिश कुटुंबांनी ती साखर टाकली. १८२४ मध्ये एलिझाबेथ हेरिक या बाईने गुलामगिरी तत्काळ संपवा अशी मागणी करणारी पत्रिका लिहिली आणि लेस्टरमध्ये दारोदार जाऊन साखरेवर बहिष्कार घालायला सांगितलं. चहाच्या मेजावर बसणाऱ्या बायकांना जगाचा हिशेब कळत नव्हता, असं म्हणायची सोय नाही.

आणि पेटीला चकाकी देणारं व्हार्निश? त्यातही बऱ्याचदा लाख असे. कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याने स्रवलेली, खरवडून, वितळवून, पापुद्र्यासारखी ताणून केलेली चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवली जाई. ही लाख जायची हिंदुस्थानातून, मुख्यतः बंगाल आणि छोटा नागपूरच्या जंगलांतून. विशाखापट्टणमच्या कारागिराने खाचेत भरली तीही लाखच. म्हणजे नकलेत आणि मुळात एक पदार्थ समान होता आणि तो गोळा करणाऱ्या आदिवासी हातांचा उल्लेख दोन्हीकडे नाही.

मला वाटतं, खरा प्रश्न इथे उभा राहतो. नक्कल सर्वत्र आहे. तिच्याशिवाय कुठलीच कला चालत नाही. आपल्याच इतिहासातली दोन उदाहरणं पाहा. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे. मधल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हे काम म्हणजे उघड नक्कल. पण त्या लेण्यांच्या अंधारात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची रेषा गिरवता गिरवता पेस्तनजी बोमनजींसारख्या चित्रकाराचा हात तयार झाला. त्यातल्या लंडनला पाठवलेल्या कित्येक प्रतिकृती तिथे १८८५ च्या आगीत जळाल्या. ज्या उरल्या त्या आज अजिंठ्याचे पुसट झालेले भाग समजून घ्यायला उपयोगी पडतात. नक्कल मुळाची साक्षीदार झाली.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं. इंग्लंडमध्ये पेनवर्कची आवड मूळ धरत होती, त्याच्या थोडंच आधी, १७९० च्या दशकात, पुण्यात गंगाराम तांबट हा चित्रकार चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलासाठी काम करत होता. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली त्याने पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन आत्मसात केलं. मॅलेटने त्याला वेरूळला पाठवलं आणि त्याने लेण्यांची चित्रं काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला. पुढे १८०३ मध्ये वेरूळच्या चित्रांचा देखणा संग्रह लंडनमध्ये थॉमस डॅनियलने काढला. शीर्षकात नाव आहे वेल्सचं आणि डॅनियलचं. गंगारामचं नाव आपल्याला आज माहीत आहे ते त्याची चित्रं मॅलेटच्या संग्रहातून टिकली आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात त्याच्या नावानिशी आहेत म्हणून. तो विशाखापट्टणमच्या कारागिरांपेक्षा थोर होता म्हणून त्याचं नाव उरलं, असं नाही. कुणीतरी ते लिहून ठेवलं म्हणून उरलं. अनामिकता ही कारागिरीला जन्मजात चिकटलेली गोष्ट नसते. नोंद ठेवणाऱ्याच्या निर्णयातून ती तयार होते.

म्हणून नकलेला गुन्हेगार ठरवणाऱ्यांचं आणि ‘कला सगळ्यांची असते’ म्हणत हात झटकणाऱ्यांचं, दोघांचंही मला पटत नाही. पहिल्यांचं मान्य केलं तर विशाखापट्टणमचा कारागीरही इंग्लिश छापील चित्रांचा चोर ठरतो. दुसऱ्यांचं मान्य केलं तर प्रत्येक वेळी दुबळ्याचंच नाव पुसलं जातं, कारण बलवानाचं नाव दुकानाच्या पाटीवर असतंच. २०२५ च्या जून महिन्यात मिलानमध्ये प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला रंगमंचावर आणल्या, तेव्हा महाराष्ट्रात जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी हाच भेद होता. वहाणेचा आकार उचलला याचं दुःख कोल्हापूरच्या कारागिरांना जितकं झालं, त्याहून अधिक झालं ते त्यांचा उल्लेख नव्हता याचं. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. मान्य करायला खर्च आला नव्हता, तर आधीच का नाही केलं?

विशाखापट्टणमच्या कारागिरांसाठी मात्र ही वेळ निघून गेली आहे. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला, भारतातही तो व्यापार बंद आहे आणि हत्तीच्या जिवापुढे ती कला संपणं योग्यच होतं. पण यातून पेनवर्कबद्दल एक गोष्ट लक्षात येते. हस्तिदंताचं सौंदर्य हत्ती न मारता मिळू शकतं, हे त्या शाईच्या रेघेने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. तेव्हा तसा विचार कुणाच्या मनात नसेल, पण आज ती नक्कल मुळापेक्षा निर्दोष ठरली आहे. नक्कल कमअस्सलच असते, हा नियम याहून स्पष्टपणे कुठे मोडत असेल, असं मला वाटत नाही.

यातून करण्यासारखं काय निघतं? सगळ्यात आधी संग्रहालयांतल्या आणि लिलावांतल्या नोंदी बदलायला हव्यात. ‘रीजन्सी काळातली चहापेटी, पेनवर्क, हस्तिदंती कामाची नक्कल’ ही नोंद अपुरी आहे. रेखाटन बहुधा घरातल्या स्त्रीचं, नमुना छापील पुस्तकातला, शैली विशाखापट्टणमच्या कारागिरांनी रूढ केलेली, लाख हिंदुस्थानच्या जंगलातली, आत ठेवलेला चहा अफूच्या पैशाने घेतलेला. एवढं लिहायला चार ओळी लागतात. नावं सापडणार नाहीत तिथे गाव, जात-जमात, धंदा, लिंग जे कळेल ते लिहावं आणि नाव हरवलं आहे, हे स्पष्ट सांगावं. हरवलेल्या नावाची रिकामी जागा दाखवणं हीसुद्धा नोंदच आहे.

हाच नियम आपण आपल्या घराला लावायला हवा. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, कुलपं, समया, पेट्या आपण मान वर करून पाहतो आणि ‘काय कारागिरी!’ म्हणून पुढे सरकतो. कुणाची, हे विचारत नाही. सावंतवाडीच्या लाखकामाचा डबा भेट म्हणून देताना तो सावंतवाडीचा हे सांगतो, पण कुठल्या घरातल्या कुठल्या हाताने तो रंगवला, हे दुकानदाराला विचारायचं सुचत नाही. विचारायला हवं. आज विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता आहे. पन्नास वर्षांनी विचारणाऱ्याला ती राहणार नाही. नक्कल करावी, मनसोक्त करावी, मुलांना करायला लावावी, कारण हात दुसऱ्या हाताकडे बघूनच शिकतो. फक्त शेवटच्या रेघेनंतर, ज्याच्याकडे बघून शिकलो त्याचं नाव तिथेच, त्याच शाईत लिहावं. कलेचं ऋण फिटत नाही, पण ते नोंदवता येतं, आणि नोंदवणं हे काम करणाऱ्याचं, विकणाऱ्याचं आणि पाहणाऱ्याचं, तिघांचंही कर्तव्य आहे.